लॉस एंजेलिसचे दहा टक्के आणि आपल्या ग्रामपंचायतीचे पंधरा टक्के

अमेरिकेतील लॉस एंजेलिस काउंटीच्या मतदारांनी ३ नोव्हेंबर २०२० रोजी राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान करताना त्याच मतपत्रिकेवर आणखी एका प्रश्नाचे उत्तर दिले. काउंटीच्या स्वतःच्या उत्पन्नातून किमान दहा टक्के रक्कम दरवर्षी गरीब वस्त्यांच्या विकासावर आणि तुरुंगाला पर्याय ठरणाऱ्या सेवांवर खर्च करावी काय, आणि ती रक्कम पोलीस व तुरुंगाकडे वळवण्यास बंदी घालावी काय, असा तो प्रश्न होता. सुमारे ५७ टक्के मतदारांनी 'होय' म्हटले. या प्रस्तावाला तिकडे 'मेजर जे' म्हणतात.

आमच्या एका कार्यकर्ता शिबिरात अर्थसंकल्प कसा वाचायचा हे सांगताना या प्रस्तावाचा विषय निघाला. एका तरुणाने विचारले, "म्हणजे लोकांनी मत देऊन पोलिसांचे पैसे काढून घेतले का?" असे म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. नेमके काय झाले, कोर्टात काय झाले आणि पुढे एका कारकुनी चुकीने काय होऊन बसले, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. कारण राखीव निधी, त्याची पळवापळवी आणि कागदावर दिसणारा पण वस्तीत न पोहोचणारा पैसा हे आपल्या समाजाला नवीन नाही.

आधी काउंटी म्हणजे काय ते पाहू. ढोबळमानाने तो आपल्या जिल्ह्यासारखा भाग. लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे एक कोटी लोक राहतात. लॉस एंजेलिस हे शहर तिच्यातल्या ८८ शहरांपैकी एक. त्याखेरीज कोणत्याही नगरपालिकेत न येणारा बराच भाग आहे, तिथे काउंटी हीच स्थानिक सरकार असते. सी लाइ टेंपल हे प्रसिद्ध बौद्ध विहार ज्या हॅसिएंडा हाइट्समध्ये आहे, तो भाग असाच. तिथल्या रहिवाशांना नगराध्यक्ष नाही, नगरसेवक नाही. पोलीस म्हणून काउंटीचा शेरीफ येतो.

या एक कोटी लोकांचा कारभार 'बोर्ड ऑफ सुपरवायझर्स' नावाचे पाच जणांचे मंडळ पाहते. म्हणजे एका सदस्यामागे वीस लाख माणसे. सार्वजनिक रुग्णालये, मानसिक आरोग्य, निराधारांना मदत, अनाथ व संकटातल्या मुलांची जबाबदारी, हे सगळे काउंटीकडे. आणि तुरुंगही काउंटीकडेच. आपल्याकडे कारागृह राज्य सरकार चालवते, जिल्हा परिषदेचा त्याच्याशी संबंध नसतो. तिथे मात्र दवाखान्याचा आणि तुरुंगाचा पैसा एकाच तिजोरीतून निघतो. म्हणून तुरुंगावर किती आणि उपचारावर किती, हा वाद सरळ स्थानिक अर्थसंकल्पाचा वाद होतो. मेजर जे समजायचे तर ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात ठेवावी लागते.

लॉस एंजेलिस काउंटीची तुरुंग व्यवस्था अमेरिकेतली सर्वांत मोठी स्थानिक तुरुंग व्यवस्था मानली जाते. तिथे ठेवलेल्यांपैकी मोठ्या संख्येला मानसिक आजार आहेत. अनेकांवर गुन्हा सिद्ध झालेला नसतो; जामिनाची रक्कम नसल्यामुळे ते आत असतात. काउंटीच्या लोकसंख्येत काळे लोक दहा टक्क्यांहून कमी, तुरुंगात मात्र तीस टक्क्यांच्या आसपास. आपल्या वाचकांना हे चित्र अनोळखी वाटू नये. भारतातील तुरुंगांत तीन-चतुर्थांश बंदी कच्चे कैदी आहेत आणि त्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याहून जास्त आहे, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात. १९७२ मध्ये मुंबईत पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथर पार्टीकडून घेतले, ते उगाच नव्हे.

मेजर जे एकाएकी आला नाही. जुन्या तुरुंगाच्या जागी नवीन बांधायचा की नाही यावर काउंटीत कित्येक वर्षे आंदोलन चालू होते. २०१९ मध्ये मंडळाने मानसिक रुग्ण कैद्यांसाठी नवा तुरुंग बांधण्याचा १.७ अब्ज डॉलरचा करार रद्द केला. तुरुंगाला पर्याय सुचवण्यासाठी नेमलेल्या गटाने मार्च २०२० मध्ये अहवाल दिला. 'आधी आधार, तुरुंग सर्वांत शेवटी' अशा अर्थाचे त्याचे सूत्र होते. अहवाल आला, पण त्यासाठी पैसा कुठून आणायचा हे ठरले नव्हते. मग मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला आणि लाखो लोक रस्त्यावर आले. त्या उन्हाळ्यात अनेक संघटना 'रीइमॅजिन एलए काउंटी' या आघाडीखाली एकत्र झाल्या. सुपरवायझर शीला क्यूल आणि हिल्डा सोलिस यांनी प्रस्ताव मांडला आणि मंडळाने तो मतदारांसमोर ठेवण्याचे ठरवले. आंदोलन, अहवाल आणि ठराव आधीपासून तयार होते म्हणून त्या संतापाच्या क्षणी मागणीला ठोस आकडा देता आला. नुसत्या मोर्चाने हे झाले नसते असे आमचे मत आहे.

आता मुख्य मुद्दा, दहा टक्के म्हणजे कशाचे दहा टक्के? इथेच बहुतेकांची गल्लत होते. त्या वर्षी काउंटीचा अर्थसंकल्प ३५ अब्ज डॉलरच्या आसपास होता. त्याचे दहा टक्के म्हणजे साडेतीन अब्ज, असा हिशेब कोणी करेल तर तो चुकीचा. या ३५ अब्जांपैकी मोठा भाग केंद्र आणि राज्य सरकारकडून येतो आणि तो आधीच बांधलेला असतो. अमुक योजनेचा पैसा अमुकवरच. जो पैसा काउंटी स्वतः मालमत्ता करासारख्या मार्गांनी गोळा करते आणि ज्यावर आधीच कोणतेही बंधन नाही, त्या मोकळ्या पैशाचे दहा टक्के असा प्रस्तावाचा अर्थ होता. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर जिल्हा परिषदेच्या एकूण उलाढालीचे नव्हे, तिच्या सेस फंडाचे दहा टक्के. ही रक्कम किती होईल यावर निवडणुकीच्या काळात वेगवेगळे अंदाज फिरत होते, ३६ कोटी डॉलरपासून ९० कोटी डॉलरपर्यंत. एकाच प्रस्तावाचे दोन आकडे इतके दूर असतील तर मतदाराने काय समजायचे? मोकळा पैसा नेमका कोणता, याची व्याख्या अर्थसंकल्प बनवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हातात राहते, हे या फरकाचे कारण. राखीव निधीची लढाई टक्केवारी ठरवून संपत नाही. खरी ओढाताण छेद कोणता धरायचा यावर होते.

हा पैसा कशावर खर्च करायचा तेही प्रस्तावात लिहिले होते. एक भाग थेट वस्त्यांसाठी: तरुणांच्या विकासाचे उपक्रम, कमी उत्पन्न गटातल्यांना रोजगार प्रशिक्षण, काळ्या आणि इतर अल्पसंख्य समाजांच्या छोट्या धंद्यांना भांडवल, भाडे भरता येत नाही त्यांना मदत, परवडणारी आणि तात्पुरत्या निवाऱ्याची घरे. दुसरा भाग तुरुंगाला पर्याय देण्यासाठी: खटला उभा राहीपर्यंत बाहेर ठेवून लागणारी मदत, वस्तीतच मिळणारे मानसिक आणि व्यसनमुक्तीचे उपचार, तुरुंगातून सुटून आलेल्यांचे पुनर्वसन.

त्याला जोडून तीन अटी होत्या आणि आमच्या मते प्रस्तावाचा जीव त्या अटींत होता. पहिली अट, या पैशातला एकही डॉलर शेरीफ, सरकारी वकील, न्यायालय किंवा प्रोबेशन विभागाकडे जाणार नाही, त्यांच्यामार्फत वाटलाही जाणार नाही. दुसरी, या कामांवर आधीपासून होणारा खर्च कमी करून त्या जागी हा पैसा दाखवता येणार नाही. तिसरी, आर्थिक आणीबाणी आली तर मंडळ ही रक्कम कमी करू शकेल, पण त्यासाठी पाचपैकी चार मते लागतील. दहा टक्क्यांपर्यंत एकदम नव्हे, १ जुलै २०२१ पासून ३० जून २०२४ पर्यंत टप्प्याटप्प्याने पोहोचायचे होते.

दुसरी अट पुन्हा वाचावी. समाजकल्याणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही माहीत आहे की राखीव निधी पळवायला चोरी करावी लागत नाही. जो रस्ता सर्वसाधारण निधीतून होणारच होता तो राखीव निधीतून करायचा. सर्वसाधारण निधी मोकळा झाला की दुसरीकडे वापरायचा. कागद स्वच्छ, लेखापरीक्षणात आक्षेप नाही. लॉस एंजेलिसच्या लोकांनी ही पळवाट आधीच ओळखली होती.

आपल्या वाचकांना इथे दीघनिकायातले कूटदंत सुत्त आठवेल. त्यात महाविजित नावाच्या राजाची गोष्ट येते. राज्यात लूटमार वाढलेली असते, राजाला मोठा यज्ञ करायचा असतो. त्याचा पुरोहित सांगतो की अशा वेळी लोकांवर कर बसवणे चुकीचे ठरेल, आणि दंड, बंदिवास, हद्दपारी यांनीही लूटमार थांबणार नाही, कारण शिक्षेतून वाचलेले पुन्हा त्रास देतील. त्याऐवजी शेती आणि गुरे पाळणाऱ्यांना बियाणे व चारा द्यावा, व्यापार करणाऱ्यांना भांडवल द्यावे, राज्याच्या सेवकांना अन्न आणि वेतन द्यावे. चक्कवत्ती सीहनाद सुत्तातही दारिद्र्य दूर न केल्याने चोरी वाढली, चोरीमुळे शस्त्रे वाढली, असा क्रम मांडलेला आहे. भगवान बुद्धांनी अर्थसंकल्प लिहिला असा दावा आम्ही करत नाही. पण राज्याचा खजिना शिक्षेवर खर्च करायचा की माणसाच्या उपजीविकेवर, हा प्रश्न धम्माच्या जुन्या ग्रंथांत स्पष्ट विचारलेला आहे आणि त्याचे उत्तरही दिलेले आहे. छोट्या धंद्याला भांडवल ही प्रस्तावातली बाब आणि व्यापाऱ्याला भांडवल हा पुरोहिताचा सल्ला, यांत अंतर फक्त काळाचे आहे.

विरोध कोणी केला? तेव्हाचे शेरीफ ॲलेक्स व्हिलानुएव्हा उघड विरोधात होते. शेरीफच्या शिपायांच्या संघटनेने जाहिरातींवर पैसा ओतला. त्यांचे म्हणणे असे की खर्च कापला जाईल, गस्त कमी होईल, गुन्हे वाढतील. शेरीफ खात्याचा वार्षिक खर्च तीन अब्ज डॉलरहून अधिक होता. प्रस्तावात त्यातून अमुक रक्कम काढा असे कुठेही लिहिलेले नव्हते. मोकळ्या पैशातून दहा टक्के बाजूला काढल्यावर उरलेल्या नव्वदात कोणाला किती द्यायचे हे मंडळानेच ठरवायचे होते. म्हणून शिबिरातल्या त्या तरुणाला आम्ही सांगितले की लोकांनी पोलिसांचे पैसे काढून घेतले नाहीत. एक हिस्सा पोलिसांना घेता येणार नाही असे ठरवले.

विरोधाचा आणखी एक मुद्दा होता, तो आम्ही हलका मानत नाही. मतपेटीतून अर्थसंकल्प बांधून टाकला तर निवडून आलेल्या मंडळाने संकटात काय करायचे? कॅलिफोर्नियाला याचा जुना अनुभव आहे. १९७८ मध्ये 'प्रपोझिशन १३' नावाच्या प्रस्तावाने मालमत्ता कराला मूल्याच्या एक टक्क्याची मर्यादा घातली. घरमालक खूश झाले, पण शाळा आणि स्थानिक संस्थांचे उत्पन्न आटले. मग १९८८ मध्ये 'प्रपोझिशन ९८' ने शाळांसाठी किमान निधी बांधून दिला. एका बंधनातून आलेली अडचण सोडवायला दुसरे बंधन, असे ते चक्र. बहुसंख्य मतदार दरवेळी दुर्बलांच्या बाजूने मत देतील असेही नाही. १९७८ मध्ये ज्या मतपेटीने स्थानिक संस्थांचे हात बांधले, त्याच मतपेटीने २०२० मध्ये गरीब वस्त्यांना हक्क दिला. बाबासाहेबांनी बहुमताच्या लोकशाहीला संविधानिक संरक्षणाची जोड का मागितली, ते अशा उदाहरणांतून कळते.

निकाल लागल्यावर काउंटी कर्मचाऱ्यांच्या संघटनांची आघाडी कोर्टात गेली. तिच्यात शेरीफच्या शिपायांची संघटना होती. त्यांचा युक्तिवाद असा: अर्थसंकल्प ठरवण्याचा अधिकार निवडून आलेल्या मंडळाचा आहे, मतदार सनद दुरुस्त करून तो हिरावून घेऊ शकत नाहीत. जून २०२१ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने हे मान्य केले आणि मेजर जे घटनाबाह्य ठरवला. म्हणजे वीस लाखांहून अधिक लोकांचे मत आठ महिन्यांत कोऱ्या कागदासारखे झाले.

पण मंडळाने एक गोष्ट केली. कोर्टाने सक्ती उठवली तरी स्वेच्छेने खर्च करायला बंदी नव्हती. 'केअर फर्स्ट कम्युनिटी इन्व्हेस्टमेंट' या नावाने पहिल्या वर्षासाठी १० कोटी डॉलर बाजूला काढले गेले आणि कोणत्या कामाला किती, हे सुचवण्यासाठी सल्लागार समिती बसली. पुढे जुलै २०२३ मध्ये अपील न्यायालयाने कनिष्ठ न्यायालयाचा निकाल फिरवला. मंडळाच्या अधिकाराला मतदार सनदेतून अशी मर्यादा घालू शकतात, आणि या मर्यादेने मंडळाचे अर्थसंकल्पाचे काम अशक्य होत नाही, असा त्याचा आशय होता. मेजर जे पुन्हा सनदेचा भाग झाला. निदान सगळ्यांना तसे वाटले.

मधल्या दोन वर्षांत जे झाले त्यातून आम्हाला एक फरक स्पष्ट दिसतो. सक्ती नसताना पैसा मिळाला, पण तो मंडळाच्या मर्जीने मिळाला. पुढच्या निवडणुकीत मंडळ बदलले असते तर तो थांबवायला कोणालाही कारण द्यावे लागले नसते. सनदेतला पैसा आणि मर्जीतला पैसा यांची रक्कम सारखी असू शकते, घेणाऱ्याचे स्थान सारखे नसते. पहिल्यात तो हक्कदार असतो, दुसऱ्यात याचक.

यानंतरचा भाग वाचून सरकारी कार्यालयांत फेऱ्या मारणाऱ्या कोणालाही हसू येईल, मग राग येईल. नोव्हेंबर २०२४ मध्ये काउंटीच्या मतदारांपुढे 'मेजर जी' हा दुसरा प्रस्ताव आला. लिंडसे होर्व्हाथ आणि जॅनिस हान या सुपरवायझरांनी तो पुढे आणला होता. मंडळ पाचाचे नऊ करायचे, काउंटीसाठी थेट निवडून येणारा प्रमुख आणायचा, नीतिमत्ता आयोग नेमायचा, असे मोठे बदल त्यात होते. तो थोड्या फरकाने मंजूर झाला. २०२५ च्या जुलैमध्ये ड्युआर्टे शहराचे माजी नगरसेवक जॉन फसाना यांच्या लक्षात आले की मेजर जी साठी सनदेचा जो नवा मजकूर मतदारांनी मंजूर केला, त्यात मेजर जे चे कलमच नाही. २०२० मध्ये लोकांनी मत देऊन घातलेली दुरुस्ती सनदेच्या अधिकृत प्रतीत उतरवायची राहून गेली होती. जुन्या प्रतीवरूनच नवा मसुदा बनला, वकिलांनी तपासला, मंडळाने मंजूर केला, लाखो लोकांनी त्यावर मत दिले. परिणाम असा की मेजर जी ची ती तरतूद २०२८ मध्ये लागू होताना मेजर जे आपोआप रद्द होणार, अशी तेव्हा स्थिती होती. कोणी प्रचार केला नाही, कोणी विरोध केला नाही, प्रश्न कोणाला विचारलाही नाही. काउंटीने प्रशासकीय चूक झाल्याचे मान्य केले आणि मंडळाने आपल्या वकिलांना दुरुस्तीचे मार्ग शोधायला सांगितले. पुन्हा मतदारांकडे जाणे हाही त्यातला एक मार्ग.

शेरीफ, जाहिराती आणि दोन पायऱ्यांची कोर्टकचेरी यांतून वाचलेला हक्क एका न बदललेल्या प्रतीमुळे जाऊ शकतो. आम्हाला यात कट दिसत नाही. पण ज्या कलमावर श्रीमंत आणि बलवान गटांचा जीव अवलंबून असतो, ते कलम प्रतीतून गळले तर कोणीतरी पहिल्याच आठवड्यात ओरडते. हे कलम गळल्याचे कळायला जवळपास पाच वर्षे लागली, आणि तेही एका माजी नगरसेवकाने दाखवले.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या राज्यघटनेत अर्थसंकल्पावर सार्वमत नाही. खर्चाला मंजुरी विधिमंडळ देते. पण राखीव वाट्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. १९७९-८० च्या सुमारास सुरू झालेली विशेष घटक योजना म्हणजे आजची अनुसूचित जाती उपयोजना. लोकसंख्येच्या प्रमाणात विकासनिधी, हे तिचे तत्त्व. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८ टक्के आहे. आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये या निधीसाठी कायदा केला, तेलंगणाने २०१७ मध्ये. महाराष्ट्रात असा कायदा व्हावा ही मागणी आपल्या संघटना सातत्याने करत आल्या आहेत. तो नसल्यामुळे काय होते याचे ताजे उदाहरण मे २०२५ चे. लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये वळवण्यात आले. आदिवासी विकास विभागाचेही ३३५ कोटींहून अधिक. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. खात्याचा मंत्री नाराज होतो आणि पैसा तरी जातो, कारण अडवायला कायद्याचे कलम नाही.

कायदा केला म्हणजे सगळे सुटते असेही नाही. कर्नाटकच्या कायद्यात ७ (ड) हे पोटकलम होते. सर्वांसाठी असलेल्या पायाभूत कामांचा काही भाग अनुसूचित जाती-जमातींवर झाला असे 'मानण्याची' सोय त्यात होती. रस्ता सगळ्यांचा, हिशेबात मात्र आपला. दहा वर्षांच्या आंदोलनानंतर २०२३ मध्ये ते पोटकलम काढले गेले. लॉस एंजेलिसची दुसरी अट आणि कर्नाटकचे ७ (ड) शेजारी ठेवून वाचले की आपल्या कायद्याच्या मसुद्यात कोणते वाक्य हवे आणि कोणते मुळीच नको, ते कळते.

आणि मेजर जे शी सर्वांत जास्त साम्य असलेली तरतूद तर आपल्या गावातच आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे पंधरा टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि नवबौद्धांच्या कल्याणावर खर्च करायचे असतात, दहा टक्के महिला व बालकल्याणावर, पाच टक्के दिव्यांगांवर. जिल्हा परिषदेच्या सेसमधून मागासवर्गीयांसाठी वीस टक्के. स्थानिक, स्वतःच्या उत्पन्नातला, राखीव वाटा. अगदी लॉस एंजेलिससारखा. तिथे त्यासाठी आंदोलन, निवडणूक, अपील झाले. आपल्याकडे तो आयता आहे आणि बहुतेक गावांत बौद्ध वस्तीतल्या तरुणांना तो माहीत नाही.

आम्ही एका गावात या पंधरा टक्क्यांचा हिशेब मागितला. तीन वेळा 'ग्रामसेवक आज नाहीत' हे उत्तर मिळाले. चौथ्या वेळी जो कागद मिळाला त्यात मुख्य रस्त्यावरच्या दिव्यांची देयके होती. शेवटचा दिवा बौद्धवाड्याच्या तोंडाशी होता, म्हणून सगळे दिवे आपल्या वाट्याला लावलेले. वस्तीतल्या एका आजी म्हणाल्या, "बाळा, उजेड त्यांच्या दारात अन् बिल आपल्या नावावर!" ७ (ड) म्हणजे काय, हे त्यानंतर आम्हाला कोणालाही समजावून सांगावे लागले नाही.

बाबासाहेबांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया' या ग्रंथात १८३३ पासून १९२१ पर्यंत केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला गेला, कोणते उत्पन्न कोणाच्या हाती राहिले आणि खर्चाचा निर्णय कोण घेत होते, याचा आकडेवारीसह माग घेतला. जयंतीच्या भाषणांत या ग्रंथाचे नाव येते, पण त्यांनी केले ते काम, म्हणजे खर्चाचे मथळे एकेक तपासणे, आपल्या वस्तीत क्वचित होते.

ते करायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक. त्यात मागासवर्गीय कल्याणाची तरतूद पाहायची. नमुना ३ मध्ये प्रत्यक्ष जमाखर्च. आणि नमुना २८ मध्ये मागासवर्गीयांवरच्या पंधरा टक्के आणि महिला व बालकल्याणाच्या दहा टक्के खर्चाचा तपशील असतो. तिन्ही कागद शेजारी ठेवायचे. तरतूद आहे पण खर्च नाही, खर्च आहे पण काम वस्तीबाहेरचे, किंवा जे काम दुसऱ्या निधीतून आधीच मंजूर होते तेच इथे पुन्हा, यांपैकी काय झाले ते दिसते. सहज मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तेही लागत नाहीत. अर्जात वर्ष आणि नमुन्याचा क्रमांक लिहावा, मोघम 'सर्व माहिती' मागू नये. मोघम अर्जाला मोघम उत्तर येते.

पुढची ग्रामसभा कोणत्या तारखेला आहे ते विचारून ठेवा, आणि ठराव लिहिला गेला की इतिवृत्तात तो तसाच उतरला आहे का, ते त्याच दिवशी वाचून घ्या.